घरातील श्वान आणि त्याची आंघोळ

प्रास्ताविक

दत्ताच्या चित्रात त्याच्या पायाशी चार श्वान दिसतात. खंडोबाच्या घोड्याबरोबरही कुत्रा धावताना दाखवतात. आपल्या खेड्यांतून कुत्रा पिढ्यान् पिढ्या अंगणात, खळ्यात, मेंढरांच्या कळपामागे राहिला. उन्हात लोळणे, पावसात भिजणे, अंग झटकून कोरडे होणे हीच त्याची स्वच्छता होती. त्याला आंघोळ घालावी का, हा प्रश्न सहसा कोणाला पडला नाही. शहरांत मात्र कुत्रा उंबरठ्याच्या आत आला. तो दिवाणखान्यात वावरतो, कधी मुलांच्या अंथरुणातही झोपतो. त्यामुळे तो स्वच्छ असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही स्वच्छता कोणाच्या मापाने मोजायची? प्रस्तुत पाठात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• माणसाच्या आणि कुत्र्याच्या त्वचेतील फरक सांगू शकाल;
• लहान कुत्र्याला किती दिवसांनी आंघोळ घालावी, हे सकारण ठरवू शकाल;
• अंगाचा वास आणि रोगाची लक्षणे यांतील संबंध ओळखू शकाल;
• सूचना देण्यासाठी विध्यर्थी क्रियापदांचा वापर करू शकाल.

मूळ पाठ

एका सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाची कल्पना करू. घरात मोती नावाचा पांढरा, झुबकेदार केसांचा स्पिट्झ जातीचा कुत्रा आहे. घरातील माणसे रोज स्नान करतात. मग मोतीला निदान आठवड्यातून एकदा तरी आंघोळ हवीच, असे सर्वांना वाटते. दर रविवारी त्याला घरच्याच साबणाने घासूनपुसून आंघोळ घातली जाते. काही महिन्यांनी त्याच्या अंगावर कोंडा दिसू लागतो. तो सारखा अंग खाजवतो, पंजे चाटतो. अंगाला वासही येऊ लागतो. वास येतो म्हणून आंघोळ आठवड्यातून दोनदा होते. मग केस गळतात, पोटावर लाल चट्टे उठतात. अखेर घरात बोलणे निघते, ‘हा आपल्याला सांभाळवणार नाही, कोणाला तरी देऊन टाकू.’ मोतीचा यात काय दोष? ज्यांनी मायेने त्याला न्हाऊ घातले, त्यांच्याच हातून त्याचे नुकसान झाले होते.

हे का घडले, ते समजण्यासाठी कुत्र्याची त्वचा कशी असते हे पाहिले पाहिजे. माणसाला सर्वांगाला घाम येतो. त्या घामात धूळ मिसळते, म्हणून त्याला रोज स्नान करावेसे वाटते. कुत्र्याला तसा घाम येत नाही. त्याचा घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून येतो आणि शरीरातील उष्णता तो धापा टाकून बाहेर घालवतो. त्याच्या त्वचेतील ग्रंथींतून एक स्निग्ध द्रव्य पाझरते. हे तेल केसांवर पसरून त्वचेला मऊ ठेवते आणि कोरडेपणा व जंतू यांपासून तिचे रक्षण करते. वारंवार साबण लावला, की हे कवच धुऊन जाते. ते पुन्हा तयार होण्यापूर्वीच दुसरी आंघोळ झाली, तर त्वचा उघडी पडते.

साबणाचाही विचार करावा लागतो. माणसाच्या त्वचेचा सामू साधारणपणे ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. कुत्र्याच्या त्वचेचा सामू ७ च्या, म्हणजे उदासीन पातळीच्या अधिक जवळ असतो. शिवाय त्याची बाह्यत्वचा माणसाच्या मानाने पातळ असते. अंगाच्या साबणाच्या वडीचा सामू बहुधा ९ ते १० असतो. असा अल्कधर्मी साबण त्याला सोसत नाही. माणसांसाठी केलेला शांपूही त्याच्या त्वचेसाठी बनवलेला नसतो. जंतुनाशक द्रव पाण्यात टाकणे तर धोक्याचेच. कारण कुत्रा आपले अंग चाटतो आणि अंगावर राहिलेले सारे त्याच्या पोटात जाते. म्हणून कुत्र्यांसाठी तयार केलेला सौम्य शांपूच वापरावा.

मग आंघोळ किती दिवसांनी घालावी? घरात राहणाऱ्या निरोगी लहान कुत्र्याला साधारणपणे महिन्यातून एकदा ते दोन महिन्यांतून एकदा आंघोळ पुरते. मात्र हा नियम कॅलेंडरवर खूण करून पाळण्याचा नाही. शिह त्झूसारख्या लांब केसांच्या कुत्र्याला ती तीन-चार आठवड्यांनी लागू शकते. आखूड केसांच्या डॅशहुंडला त्याहून उशिरा घातली तरी चालते. पगच्या चेहऱ्यावरील घड्या मात्र आंघोळीची वाट न पाहता वरचेवर पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. हवामानही लक्षात घ्यावे. मुंबईच्या दमट पावसाळ्यात दाट केस लवकर वाळत नाहीत आणि ओलसर त्वचेवर बुरशी व जंतू वाढतात. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत ओले अंग गारठते. चिखलात लोळून आलेल्या कुत्र्याला मात्र तारीख न पाहता धुवावे.

मोतीच्या अंगाला येणाऱ्या वासाचे काय? पशुवैद्याने तपासले तेव्हा तो वास मुख्यतः कानांतून येत असल्याचे आढळले. दर आठवड्याला कानांत पाणी जाऊन तेथे संसर्ग झाला होता. कुत्र्याच्या अंगाचा वास कधी किडलेल्या दातांचा, कधी त्वचेच्या घड्यांचा, तर कधी गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा असतो. तो आंघोळीने जात नाही, फार तर काही तास झाकला जातो. म्हणून आंघोळीनंतर एक-दोन दिवसांतच वास परतला, तर पुन्हा बादली न भरता पशुवैद्याकडे जावे. गोचिडांच्या बाबतीतही हीच चूक होते. साध्या आंघोळीने गोचीड जात नाहीत. त्यांच्यामुळे एर्लिकिओसिस, बबेसिओसिस यांसारखे गंभीर आजार होतात. त्यांच्यावर पशुवैद्याने दिलेले औषधच लागते. मानेवर थेंब टाकायचे औषध असेल, तर सामान्यतः त्याच्या आधी व नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी आणि वेष्टनावरील सूचना पाळाव्यात.

याचा अर्थ वारंवार आंघोळ नेहमीच वाईट, असा नव्हे. त्वचेच्या काही आजारांत पशुवैद्य औषधी शांपूने आठवड्यातून दोनदाही आंघोळ सांगतात. तेथे आंघोळ हा उपचार असतो. ती किती वेळा घालावी, हे माणसाच्या सवयीवरून न ठरता कुत्र्याच्या त्वचेवरून ठरते, हेच यातून दिसते.

आंघोळीची रीतही साधीच आहे. आधी केस विंचरावेत, कारण गुंता ओला झाला की अधिक घट्ट होतो. पाणी कोमट असावे. डोळ्यांत आणि कानांत पाणी जाऊ देऊ नये. शांपूचा अंशही उरणार नाही इतके अंग धुवावे. मग टॉवेलने टिपून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत अंग कोरडे करावे. एरवी केस नियमितपणे विंचरावेत आणि फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. एवढे केले, तर आंघोळीची गरजच कमी होते.

मोतीच्या घरी साबण बंद झाला, कानांवर आणि त्वचेवर उपचार झाले. खाज हळूहळू थांबली, केस पुन्हा आले. त्याला देऊन टाकण्याचे बोलणे मग कोणी काढले नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण मायेलाही लागू पडते. मुक्या प्राण्याला काय हवे, हे तो बोलून सांगू शकत नाही. ते त्याच्या अंगावर वाचावे लागते.

शब्दार्थ

सामू – पदार्थाची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक
स्निग्ध – तेलकट, ओशट
बाह्यत्वचा – त्वचेचा सर्वांत वरचा थर
बेचके – दोन बोटांमधील जागा
पशुवैद्य – जनावरांचा डॉक्टर

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
कुत्र्याला घाम मुख्यतः (अ) पाठीतून (आ) पंजांच्या गाद्यांतून (इ) कानांतून येतो.

२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) साध्या आंघोळीने गोचीड नाहीसे होतात.
(आ) आंघोळीपूर्वी केस विंचरावेत.

भाषाभ्यास

‘केस विंचरावेत’, ‘पाणी कोमट असावे’ या वाक्यांतील क्रियापदांतून सल्ला किंवा कर्तव्य व्यक्त होते. अशा क्रियापदाला विध्यर्थी क्रियापद म्हणतात. ‘केस विंचर’ यात आज्ञा आहे, तर ‘केस विंचरावेत’ यात शिकवण आहे. पाठातील आणखी चार विध्यर्थी क्रियापदे शोधून लिहा.

आपण काय शिकलो

• कुत्र्याच्या त्वचेवरील तेल हे तिचे संरक्षक कवच आहे.
• निरोगी लहान कुत्र्याला साधारणपणे एक ते दोन महिन्यांतून एकदा आंघोळ पुरते. जात, केस, हवामान आणि आरोग्य यांनुसार त्यात बदल होतो.
• लवकर परतणारा वास हे आजाराचे लक्षण असू शकते.

स्वाध्याय

१. मोतीच्या घरच्यांचे नेमके काय चुकले? ८ ते १० ओळींत लिहा.
२. ‘अति तेथे माती’ ही म्हण आपल्या अनुभवातील एका प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
३. नव्याने कुत्रा पाळणाऱ्या शेजाऱ्यांसाठी आंघोळीविषयी पाच सूचना विध्यर्थी वाक्यांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ)   २. (अ) चूक (आ) बरोबर