लॉगिन होते, फाईल अडकते

प्रश्न : पायथनच्या एफटीपीलिबने दुकानाचा रोजचा बॅकअप सर्व्हरवर पाठवतो. लॉगिन लगेच होते, पण फाईल पाठवताना प्रोग्रॅम नुसता थांबून राहतो. पासवर्ड तर बरोबर आहे. चूक कुठे?

उत्तर : पासवर्डचा इथे संबंध नाही. एफटीपीत जोडण्या दोन असतात. २१ क्रमांकाच्या पोर्टवर फक्त हुकूम जातात. फाईल दुसऱ्या, ऐनवेळी ठरणाऱ्या पोर्टवरून जाते. तुमची दुसरी जोडणी फायरवॉलला अडत असावी.

सेट_डीबगलेव्हल(१) लावून प्रोग्रॅम चालवा. २२७ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या कंसात सहा आकडे दिसतील. पहिले चार म्हणजे आयपी पत्ता. शेवटचे दोन समजा १९५ आणि ८० असतील, तर १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. सर्व्हर सांभाळणाऱ्याला या ऐनवेळी ठरणाऱ्या (पॅसिव्ह) पोर्टांचा पट्टा ठरवून तेवढाच फायरवॉलमध्ये उघडायला सांगा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर सर्व्हर आपला घरातला पत्ता बाहेर सांगतो आहे. तीही दुरुस्ती त्याच्याकडचीच. पॅसिव्ह पद्धत बंद करून पाहण्याच्या फंदात पडू नका, मग सर्व्हरच तुमच्या राउटरचे दार ठोठावू लागेल.

तुमच्याकडे टाइमआउट ३० सेकंद ठेवा, म्हणजे निदान एरर तरी हाती येईल. फाईल ‘आरबी’ मोडमध्येच उघडा.

आणि हो, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. एफटीपी_टीएलएस वापरा, मात्र लॉगिननंतर प्रॉट_पी() विसरलात, तर पासवर्ड झाकलेला आणि बॅकअप उघडा, असा प्रकार होतो.