इंग्रजी उत्तरातील स्वल्पविराम

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मराठी शाळांतून शिकलेल्या मुलांना अशा ठिकाणी पदार्थविज्ञान इंग्रजीतून लिहावे लागते. सूत्रे पाठ असतात. पण स्वल्पविराम चुकला, की बरोबर विधानही चूक ठरते. ते कसे, हे पाहू या.

‘जे पदार्थ वीज वाहून नेतात, त्यांना वाहक म्हणतात.’ मराठीत येथे स्वल्पविराम योग्यच आहे. त्याच सवयीने विद्यार्थी लिहितो : ‘सब्स्टन्सेस, विच कंडक्ट इलेक्ट्रिसिटी, आर कॉल्ड कंडक्टर्स.’ याचा अर्थ असा झाला, की सर्वच पदार्थ वीज वाहून नेतात! मग काच आणि रबर यांचे काय? इंग्रजीत दोन स्वल्पविरामांत ठेवलेले असे गौण वाक्य केवळ जादा माहिती देते; नेमके कोणते पदार्थ, हे ते ठरवत नाही. म्हणून या व्याख्येतील दोन्ही स्वल्पविराम गाळले पाहिजेत.

आता हे वाक्य पाहा : ‘व्हेन द वायर हीट्स द वॉटर बिकम्स वॉर्म.’ वाचणारा प्रथम ‘तार पाणी तापवते’ असा अर्थ लावतो आणि पुढे अडखळतो. मराठीत ‘जेव्हा’चा जोडीदार ‘तेव्हा’ वाक्याचा सांधा दाखवतो. इंग्रजीत ‘व्हेन’ला असा जोडीदार नसतो. ते काम ‘हीट्स’नंतरचा स्वल्पविराम करतो. गौण वाक्य आधी आले, तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यावा. ‘व्हेन’ किंवा ‘इफ’चे वाक्य शेवटी आले, तर सहसा देऊ नये. मराठीत ‘की’पूर्वी पुष्कळजण स्वल्पविराम देतात, ‘वुई सी दॅट’ अशा रचनेत ‘दॅट’पूर्वी तो नको.

‘बिकॉज’ मात्र जपून वापरा. ‘द बल्ब डिड नॉट फ्यूज बिकॉज द व्होल्टेज वॉज हाय.’ म्हणजे बल्ब गेला, पण जास्त व्होल्टेजमुळे नव्हे, असा अर्थ येथे निघतो. ‘बिकॉज’पूर्वी स्वल्पविराम दिला, तर बल्ब गेलाच नाही, आणि त्याचे कारण जास्त व्होल्टेज! विज्ञानच उलटे झाले.

मराठीतील विरामचिन्हेही इंग्रजीवरूनच आली. मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. चिन्हे तीच राहिली, पण त्यांचे नियम दोन्ही भाषांत वेगळे झाले.

शेवटी एक प्रश्न : ‘इफ द स्विच इज ओपन द लॅम्प डज नॉट ग्लो.’ येथे स्वल्पविराम कोठे द्याल? ‘इफ’चे वाक्य शेवटी नेले, तर तो ठेवाल का? वहीत लिहून पाहा.