मशीनचं बटन सारखं का जळते?

ताईंनो, आरमोरी, सावली, सिंदेवाहीकडे ऐनाच्या झाडावरचा कोसा आपल्याला नवा नाही. मांडीवर धागा वळून वळून कातडी सोलून घ्यायचे दिवस आता हळूहळू मागे पडत आहेत. कोसातून धागा काढायच्या काही मशीनवर 12 व्होल्टची छोटी डीसी मोटार असते. ऊन असलं की सोलरच्या बॅटरीवर ती मस्त चालते. पण आपल्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मग मशीन घरच्या लाईनवर लावायची, आणि तिथंच मोटार नाही तर बटन जळते. पैसे जातात गटाचे.

बॅटरीचा करंट एकाच दिशेनं वाहतो, तो डीसी. घरच्या लाईनचा सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो, तो एसी. या मोटारीला एसी दिला तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. म्हणून मधात एक डबा लागतो. त्यातला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 12 करतो. पुढचे चार डायोड करंटला एकाच दिशेनं जाऊ देतात. त्यापुढचा कॅपॅसिटर म्हणजे पाण्याचा रांजण समजा: भरतो, आणि धार तुटू देत नाही.

इथं एक फसगत होते. डब्यावर 12 लिहिलं असलं तरी एसीची लाट मधून मधून 17 व्होल्टपर्यंत चढते आणि रांजण त्या उंचीपर्यंत भरतो. डायोड दीड व्होल्ट खातात, तरी मशीन रिकामी असताना मोटारीला साडेपंधराच्या आसपास मिळतात. मोटार जोरात पळते, धागा तुटतो. त्यापेक्षा 12 व्होल्ट पक्के देणारा तयार अ‍ॅडॉप्टर घ्या. मोटारीवरचे वॅट वाचा: 60 वॅट भागिले 12 म्हणजे 5 अँपिअर. सुरू होताना मोटार याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून 10 अँपिअरचा बरा. स्वस्त म्हणून 5 चा आणला तर तो दर वेळी बंद पडेल.

आता बटन. भिंतीवरचं बटन एसीसाठी बनवलेलं असते. एसी दर दिशाबदलात क्षणभर शून्यावर येतो, त्यामुळे बटन उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. त्यात मोटारीची गुंडाळी बंद होताना उलटा झटका मारते. ठिणगी लांबते, बटनातली पट्टी काळी पडते, कधी चिकटून बसते. मग बटन बंद केलं तरी मोटार फिरतच राहते. पदर पट्ट्यात अडकला असेल तर काय होईल, विचार करा.

रोजचं चालू-बंद अ‍ॅडॉप्टरच्या आधी, 230 च्या बाजूला ठेवा. तिथं साधं बटन टिकते, फक्त मोटार थोडी उशिरा थांबते. पटकन थांबवायला दुसरं बटन उजव्या हाताशी, मोटारीच्या वायरवर हवं. त्यावर डीसीचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले पाहूनच घ्या. मिस्त्रीला सांगून मोटारीच्या दोन टोकांवर तिचा करंट पेलणारा एक डायोडही आडवा लावून घ्या, पट्टीची बाजू प्लसला. उलटा झटका त्यातच जिरतो. उलट लागला तर फ्यूज जातो, म्हणून समोर उभं राहून बघा. मोटार दोन्हीकडे फिरवायची असेल तर हा डायोड नको.

ट्रान्सफॉर्मर वाचवून 230 ची लाईन सरळ डायोडमधून नेऊ म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. त्या डब्यात 325 व्होल्ट साठतात आणि मशीनच्या लोखंडातही येऊ शकतात. डबा कोणताही असो, तो उघडायच्या आधी पिन काढा आणि पाच मिनिटं थांबा. रांजण लगेच रिकामा होत नाही.