दोन नोकऱ्यांच्या मधले दिवस

नोकरी सुटणे म्हणजे काय, हे आपल्या कुरकुंभला कुणी समजावून सांगायला नको. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जाणारी माणसे आपल्यात आहेत. कंत्राट संपते आणि दुसऱ्या दिवसापासून गडी घरी बसतो. पहिले चार दिवस बरे वाटते. झोप होते. मग दुकानदार उधारीचे विचारू लागतो. पाहुणे विचारतात, "सध्या काय चाललंय?" त्याला उत्तर सुचत नाही. हळूहळू माणूस चार लोकांत जायचे टाळतो.

या धड्यात आपण अशा दिवसांतून गेलेल्या एका माणसाची हकिकत वाचू. त्याने तरुणपणी नोकऱ्या केल्या, सोडल्या, गमावल्या. पुढे तो ख्रिस्ती मंडळीचा पाळक झाला आणि मोठा कवी झाला. त्याचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे, हे टिळक वेगळे.

त्यांचे बरेच काम नगर आणि राहुरी इथे झाले. ही गावे आपल्याला दूर नाहीत. दौंडला मनमाडकडे जाणारी गाडी धरली की वाटेत नगर लागते. राहुरी त्याच्या पुढे. नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. धड्यात आपण त्या काळचे नाव ठेवू.

पाळक म्हणजे कोण?

एका गावचे ख्रिस्ती लोक एकत्र येऊन उपासना करतात, त्यांना 'मंडळी' म्हणतात. मंडळीची काळजी वाहणारा तो पाळक. तो रविवारी उपदेश करतो, लग्ने लावतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, मयताला पुढे असतो. घरातले तंटेही त्याच्यापुढे येतात. रानोमाळ हिंडणारा धनगर आपण पाहतो. त्याला आपले प्रत्येक मेंढरू वेगळे ओळखू येते. पाळकाने माणसांना तसे ओळखावे, अशी अपेक्षा असते.

पाळकाला राहायला बहुधा मंडळीचेच घर असते. म्हणून नोकरी सुटली की घरही सुटते. मुलांची शाळा बदलते. पोर तापाने फणफणले तर ज्यांना हाक मारायची, ते शेजारीही सुटतात. तरुण पाळकाला हे जास्त जड जाते. मुले लहान, गाठीला पैसा नाही, आणि काल लोकांना धीर देणारा आज स्वतःच धीर शोधत असतो.

ठिकठिकाणच्या नोकऱ्या

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. लहान वयात आई वारली. मुलगा नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी तो संस्कृत शिकला. थोडे इंग्रजीही शिकला. पण पोटासाठी शाळा सोडावी लागली.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. मुलीचे नाव मनकर्णिका गोखले. सासरचे नाव लक्ष्मी. ती १८६८ सालची. म्हणजे लग्नात किती वर्षांची होती, ते तुम्हीच वजाबाकी करून पाहा.

मग सुरू झाली वणवण. नारायणराव कुठे मास्तर झाले, कुठे भटजीचे काम केले, कुठे छापखान्यात खिळे जुळवले. खिळे म्हणजे शिशाची अक्षरे. त्या काळी एकेक अक्षर हाताने उचलून ओळ बसवावी लागे. डोके हुशार, जीभ गोड, पण पाय एका जागी ठरत नसे. १८९१ साली नागपूरला आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. तेही कायमचे ठरले नाही.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. तेव्हा ते एक संस्थान होते. आज ते छत्तीसगड राज्यात आहे. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाची गाठ पडली. गप्पा झाल्या. उतरताना त्याने बायबल हातात ठेवले. टिळकांनी ते वाचायला घेतले. वाचता वाचता मन तिकडे वळले.

घर मोडले

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला अमेरिकन मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ते ख्रिस्ती झाले. वय तेहेतीस. जातीची, नात्याची माणसे एका दिवसात परकी झाली. जुनी भाकरी गेली. पुढे मिशनने त्यांना नगरला काम दिले. पाळक होणाऱ्या तरुणांच्या शाळेत ते शिकवू लागले.

आता दुसरी बाजू पाहू. लक्ष्मीबाई त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी कानावर आली आणि पायाखालची जमीन सरकली. पदरात लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार नाही. नातलगांनी त्यांना पंढरपूरला नेऊन ठेवले. काही वर्षे नवराबायको वेगळे राहिले.

आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकतो, तेव्हा त्याने काय सोडले तेवढेच ऐकतो. त्याच्या सोडण्यात बायकोचे काय सुटले, हे कुणी विचारत नाही. टिळकांनी आपल्या मनाला पटले ते केले, आणि त्यासाठी त्यांनी सोसलेही. पण ज्या रस्त्यावर ते स्वतःच्या पायांनी चालले, त्या रस्त्यावर लक्ष्मीबाई ओढल्या गेल्या. हे दोन्ही खरे आहे.

घर जुळले

पुढे लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे परतल्या. धर्म मात्र बदलला नाही. आरंभी सोवळे पाळत, आपले अन्न वेगळे शिजवत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. दिवस गेले. बाईंनी स्वतःच विचार केला. माणसामाणसांत ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी जातीची शिवाशीव सोडली. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

१८९९ आणि १९०० हा मोठ्या दुष्काळाचा काळ. जुनी माणसे त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. माणसे मेली, पोरे उघड्यावर पडली. टिळकांच्या घरात अशा पोरक्या मुलांना आसरा मिळाला. पगार बेताचा, आणि टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. मागणारा आला की ते देऊन मोकळे. चुलीवर काय चढवायचे याची चिंता लक्ष्मीबाईंची.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. राहुरीला त्यांनी पाळकाचे काम पाहिले. त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती मंडळीत परक्या चालींच्या जागी अभंग, भजन, कीर्तन आले. गावच्या माणसाला आपल्या भाषेत, आपल्या तालात देवाचे नाव घेता आले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या पत्राचा मराठी भागही ते पाहू लागले.

आता मागे वळून पाहा. नाशिकला शिकलेले संस्कृत नगरच्या शाळेत शिकवायला उपयोगी पडले. छापखान्यात ज्याने एकेक अक्षर हाताळले, तो पुढे पत्र चालवू लागला. भटजीपणात कानावर बसलेली मराठी आणि संस्कृत पद्ये गीते रचताना कामी आली. ज्या दिवसांना लोक 'फुकट गेलेली वर्षे' म्हणाले असतील, त्या दिवसांची शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

चालत्या पगाराचा राजीनामा

१९१७ साली टिळक पंचावन्न वर्षांचे होते. नोकरी चालू होती. मान होता. त्या वेळी त्यांनी मिशनची नोकरी सोडली. का? त्यांना वाटे, परदेशातून येणाऱ्या पैशावर मंडळी उभी असेल तर ती आपल्या पायांवर केव्हा उभी राहणार? या देशातल्या माणसांनी आपल्या रीतीने काम करावे. त्यांनी पगार सोडला, काम सोडले नाही. साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

हे काम करायला त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईला ते वारले.

कुणी म्हणेल, "पगार सोडायला काय जातं? पोटापाण्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाने नोकरी सोडावी, असे हा धडा सांगत नाही. ज्याच्या घरी लहान पोरे आहेत, त्याने आधी डब्यातले पीठ पाहावे. पण काम आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे टिळकांकडून समजून घ्यावे. पगार दुसरा देतो, म्हणून तो बंद करू शकतो. आजाऱ्याजवळ बसणे, पोरांना शिकवणे, शेजाऱ्याचा तंटा मिटवणे यांना हुकूम लागत नाही. पाळकाची नोकरी गेली तरी हे काम राहते. तुमचे-आमचेही तसेच आहे.

लक्ष्मीबाईंची लेखणी

लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. टिळकांच्या प्रोत्साहनाने त्या मराठी लिहावाचायला शिकल्या. लग्न झालेली, संसारी बाई अक्षरे गिरवू लागली. आज तुमच्यापैकी कितीतरी जणी तेच करत आहेत.

पुढे त्या कविता करू लागल्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि त्यांनी आपली स्वतःची हकिकत लिहिली. तिचे नाव 'स्मृतिचित्रे'. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. नवऱ्याचा हट्ट, त्याचे प्रेम, फाटका संसार, सारे तिथे सरळ भाषेत आहे. रडण्याजोग्या जागी त्या हसवतात. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत आज त्याची गणना होते. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. टिळकांच्या रिकाम्या आणि भरल्या दिवसांची हकिकत आज आपल्याला कळते, ती बरीचशी त्यांच्यामुळे.

आपण काय घ्यावे?

एक. नोकरी सुटली तर घरी त्याच दिवशी सांगावे. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळपर्यंत फाट्यावर वेळ काढायचा, याने अब्रू राहत नाही. बातमी बाहेरून कळली की घाव दुप्पट लागतो. घरधनीण ही संसाराची अर्धी मालक आहे. गाठीला किती आहे, देणे किती आहे, हे दोघांनी बसून कागदावर मांडावे. आता तुम्हाला लिहिता येते.

दोन. काम सोडताना कागद हातात घ्यावेत. किती दिवस भरले, पगार किती राहिला, भविष्य निर्वाह निधीचा नंबर कोणता, हे वाचून पाहावे. वाचल्याशिवाय सही करू नये.

तीन. मधल्या दिवसांत एक तरी नवी गोष्ट शिकावी. वायरिंग असो, शिवणकाम असो, हिशेब असो. कोणती विद्या केव्हा कामाला येईल, ते आज सांगता येत नाही.

चार. शेजारचा कुणी घरी बसला असेल तर त्याला "काय चाललंय?" असे टोचून विचारू नये. "चल, जरा मदतीला ये," असे म्हणावे. हाताला काम मिळाले की माणूस लोकांत येतो.

विचार करा

१. टिळकांनी तरुणपणी कोणकोणती कामे केली? पुढे ती कशी उपयोगी पडली?
२. लक्ष्मीबाईंना जास्त दुःख कशाचे झाले असेल? तुमचे मत सांगा.
३. पगार नसतानाही चालू राहील असे तुमचे काम कोणते? चार ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.