आधी लिहा, मग करा : घरच्या घरी गतीचे नियम

प्रयोगांना सुरुवात करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवा. तुम्ही एक चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटला आहे आणि अजून वरच चालला आहे. हवेचा विरोध तूर्त सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बले कार्य करीत आहेत, आणि कोणत्या दिशेने?

दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी हा प्रश्न फळ्यावर लिहितो. बहुतेक मुले चेंडूला दोन बाण काढतात : गुरुत्वाकर्षणाचा खाली आणि ‘हाताने दिलेल्या बलाचा’ वर. यांपैकी अनेकांनी दहावीत न्यूटनचे नियम शब्दशः लिहून पुरेपूर गुण मिळवलेले असतात. मी त्यांना हसत नाही, कारण अकरावीत असताना मीही तोच बाण काढला होता. नियम पाठ होता. पण मनात दुसराच नियम घर करून बसला होता : ‘वस्तू चालते आहे, म्हणजे तिला कोणीतरी ढकलत असलेच पाहिजे.’ ही समजूत पाठांतराने जात नाही. आपले भाकीत आपल्याच डोळ्यांदेखत चुकले, म्हणजे ती हलू लागते. म्हणून पुढील तिन्ही प्रयोगांना एकच अट आहे. काय घडेल ते आधी लिहा, मग प्रयोग करा.

प्रयोग पहिला : गोटी कोठे थांबते?

साहित्य : काचेची गोटी, जाड वही, कंपासपेटी, टॉवेल, सतरंजी, मोजपट्टी.

वही अर्धवट उघडून तिचे एक टोक कंपासपेटीवर टेकवा, म्हणजे मधली खाच उतरणीसारखी होईल. खाचेत ठरावीक ठिकाणी खूण करून तेथून गोटी न ढकलता सोडा. पायथ्याशी पहिल्यांदा टॉवेल पसरा, मग सतरंजी, आणि शेवटी मोकळी फरशी ठेवा. प्रत्येक वेळी गोटी किती अंतर जाते ते तीन-तीनदा मोजून सरासरी काढा.

टॉवेलवर गोटी लवकर थांबेल, सतरंजीवर अधिक दूर जाईल, आणि सपाट, गुळगुळीत फरशीवर कदाचित समोरच्या भिंतीला जाऊन लागेल. आता विचार करा. उंची तीच, म्हणून पायथ्याशी वेगही जवळजवळ तोच. सपाट भागावर गोटीला पुढे ढकलणारे कोणीही नव्हते. बदलले ते फक्त तिला अडवणारे बल. हे बल मुळीच नसते तर? गोटी थांबण्याचे कारणच उरले नसते.

गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून असाच विचार केला आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो मांडला. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याला पहिल्या नियमाचे रूप दिले. सप्टेंबर १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. त्याला पुढे ढकलणारे इंजिन चालू नाही. सूर्याची ओढ आहे, पण ती मागे खेचणारी.

आता तुमच्या कागदाकडे वळा. हाताचे बल हात सुटताच संपले. चेंडूजवळ उरला तो वेग. त्याच्यावर बल एकच, गुरुत्वाकर्षणाचे, आणि तेही खाली. वेग वर, बल खाली. म्हणूनच दर सेकंदाला चेंडूचा वेग ९.८ मीटर प्रति सेकंद इतका घटत जातो.

प्रयोग दुसरा : कोणता दोरा तुटेल?

साहित्य : शिवणाचा दोरा, अर्धा किलो वजनाचा दगड, सुतळी.

दगड सुतळीने आवळून बांधा. तो दोऱ्याने खिडकीच्या आडव्या गजाला टांगा आणि त्याच दोऱ्याचा दुसरा तुकडा दगडाच्या खाली लोंबता ठेवा. खाली घडी केलेली गोधडी ठेवा. दगड तिच्यापासून वीतभरच उंच असावा आणि पाय दूर असावेत. खालचा दोरा सावकाश, वाढत्या जोराने ओढा. नंतर नवे दोरे बांधून एकदम हिसका द्या. दोन्ही वेळचे भाकीत लिहिले ना?

सावकाश ओढल्यास वरचा दोरा तुटतो, हिसका दिल्यास खालचा! समजा, दोरा १० न्यूटन बलाला तुटतो. दगडाचे वजन सुमारे ५ न्यूटन आहे. सावकाश ओढताना वरच्या दोऱ्यावर दगडाचे वजन आणि तुमची ओढ या दोहोंचा भार असतो. म्हणून तुमची ओढ ५ न्यूटन होताच तो तुटतो. हिसक्यात मात्र खालच्या दोऱ्यातील ताण समजा १/१०० सेकंदात १० न्यूटनपर्यंत चढला. या काळात सरासरी जादा बल ५ न्यूटन, वस्तुमान ०.५ किलोग्रॅम, म्हणून दुसऱ्या नियमाप्रमाणे दगडाला मिळणारा वेग फार तर ०.१ मीटर प्रति सेकंद. तेवढ्या वेळात दगड १ मिलिमीटरही सरकत नाही. वरचा दोरा पुरेसा ताणला जाण्यापूर्वीच खालचा तुटून मोकळा होतो. बल किती हे जसे महत्त्वाचे, तसे ते किती वेळ लागले हेही महत्त्वाचे.

प्रयोग तिसरा : पाण्यात बोट

साहित्य : स्वयंपाकघरातला वजनकाटा, अर्धा पेला पाणी.

पेला काट्यावर ठेवून आकडा वाचा. आता पेल्याच्या तळाला किंवा कडेला न लागता दोन बोटे पाण्यात बुडवून स्थिर धरा. काट्यावरचा आकडा वाढेल, घटेल, की तोच राहील?

आकडा वाढतो. बोटांनी २० घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारले, तर वाढ २० ग्रॅम दिसेल. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाणी बोटांना वर ढकलते. तिसरा नियम सांगतो, की मग बोटेही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतात. हे बल पाण्यातून पेल्याला व काट्याला पोचते.

“क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध, तर मग दोन्ही मिळून शून्य का होत नाही?” हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर या पेल्यात आहे. एक बल बोटांवर आहे, दुसरे पाण्यावर. दोन वेगळ्या वस्तूंवरची बले एकमेकांना रद्द करू शकत नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोग दाखवण्याआधी दोन मिनिटे मुलांना भाकीत लिहू द्या, आणि चुकीच्या भाकिताला गुण कापू नका. चुकलेले भाकीत हीच धड्याची खरी सुरुवात आहे.

आता तुमच्यासाठी तीन प्रश्न :

१. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याच्यावर किती बल असते?

२. कॅरमच्या सहा सोंगट्या एकावर एक रचून सर्वांत खालच्या सोंगटीला स्ट्रायकर जोरात मारला, तर वरच्या पाच सोंगट्यांचे काय होईल? खालची सोंगटी हळू सरकवली तर?

३. दोऱ्याला बांधलेला दगड हातात धरून काट्यावरच्या पेल्यातील पाण्यात बुडवला. तो तळाला टेकलेला नसताना आणि दोरा सैल सोडून तळाला टेकवल्यावर काट्याचा आकडा किती किती वाढेल?

उत्तरे पुस्तकात शोधू नका. आधी लिहा, मग करून पाहा.