गेटवर एक नाव, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरंच

बोम्मसंद्र्यात नोकरी मिळणं अवघड नाही. होसूर रोडला लागून असलेल्या या औद्योगिक वसाहतीत आणि पलीकडच्या जिगणीत कुठे ना कुठे भरती चालूच असते. गेटवर कागद चिकटवलेला असतो: आयटीआय, डिप्लोमा, बी.ई., बायोडाटा घेऊन येणे. अवघड आहे ते मिळालेली नोकरी नक्की कुणाची, हे कळणं.

मी बेळगावचा, व्हीटीयूचा मेकॅनिकल पदवीधर. आमच्या कॉलेजात कॅम्पसला आल्या त्या बहुतेक सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या, आणि मला तर मशीनवरच काम करायचं होतं. उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत ओळखीनं चिकटलो असतो. पण काका म्हणाले, ‘बेंगळूरला जाऊन बघ की आधी, उद्यमबाग कुठं पळून जातीय?’ मग राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली.

माझा रूममेट सांगलीकडचा. त्यानं चंदापूरच्या एका कन्सल्टन्सीत ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे भरले, वर ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’चे. मुलाखतीचा फोन काही आला नाही, नंतर त्या ऑफिसचा फोनही लागेना. यावर फार बोलण्यासारखं नाही. माणूस शोधून देण्याचे पैसे कन्सल्टंटला कंपनी देते. उमेदवाराकडून मागितले, की तिथूनच उठायचं.

माझ्या बाबतीत कुणी एक रुपयाही मागितला नाही, म्हणूनच शंका आली नाही. मुलाखत कारखान्यातच झाली. क्वालिटीच्या साहेबांनी हातात व्हर्नियर दिला, शाफ्टचा व्यास मोजायला लावला, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स विचारला. ‘सोमवारी या,’ म्हणाले. सोमवारी सिक्युरिटीच्या केबिनपाशी बॅग घेतलेला एक गृहस्थ उभा होता. त्यानं आम्हा चौघापाचजणांच्या सह्या घेतल्या. पत्रावर कारखान्याचं नाव कुठेच नव्हतं, वर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीचा शिक्का होता. शर्टावर कारखान्याचा लोगो, गळ्यात मात्र वेगळ्या रंगाची पट्टी. कँटीनच्या रांगेत ती पट्टी बघूनच लोक ओळखायचे, हा ‘कॉन्ट्रॅक्ट’चा.

एवढ्यानं ते बेकायदा ठरतं असं नाही. ठेकेदारामार्फत माणसं घेणं इथे सर्रास चालतं, आणि काही एजन्सी पगार, पीएफ सगळं चोख देतात. माझ्या एजन्सीनं पगाराच्या चिठ्ठीत पीएफचे 12 टक्के दर महिन्याला कापले आणि भरलेच नाहीत. हे लक्षात यायला फार डोकं लागलं नाही. पैसे जमा झाले की ईपीएफओचा मेसेज येतो. बरोबरच्या पर्मनंट पोरांना यायचा, मला नाही. त्या गृहस्थाला विचारलं तर ‘पोर्टल डाऊन आहे’ हे ठरलेलं उत्तर.

अकाउंट्समधल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत हळूच सांगितलं, की ठेकेदाराच्या माणसांचाही पीएफ भरला गेला पाहिजे, ही शेवटी मूळ मालकाची जबाबदारी असते. मी पगाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून कारखान्याच्या एचआरला साधं पत्र दिलं आणि पोच घेतली. ती पोच महत्त्वाची. पैसे खात्यात आले. माझं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. पुढच्या मुलाखतीत एजन्सीचं अनुभवाचं पत्र दाखवलं, तर समोरचे हसून म्हणाले, ‘तुम्ही क्वालिटीत होता की माणसं पुरवत होता?’

तेव्हा जाणाऱ्यांनी सही करण्याआधी विचारावं: मी कुणाच्या रोलवर? अनुभवाचं पत्र कोण देणार? पगार आणि पीएफ कुणाच्या नावानं येणार? असं विचारलं म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही. ज्या नावाचा कागद मिळेल ते नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नोंदणीकृत कंपनी असेल तर स्थापनेचं वर्ष, पत्ता फुकट दिसतो. रुजू झाल्यावर यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, मागून घ्या आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघत राहा. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रम संहितांनी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्यामुळे ‘पत्र नंतर देऊ’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

मूळ मार्कलिस्टा कुणाकडेही ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या. बाँडची सही मात्र हलक्यात नको. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सीनियर बिनधास्त सांगतात. पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड टिकेल असं नाही, पण प्रत्येक फाटेल असंही नाही.

राहण्याचं म्हणाल, तर कारखान्याजवळच पीजी घेऊन मोठं डिपॉझिट अडकवायची घाई नको. ऑगस्ट 2025 पासून आर. व्ही. रोडहून मेट्रोची पिवळी लाइन थेट बोम्मसंद्र्यापर्यंत येते. आमच्या वेळी सिल्क बोर्डच्या चौकातच निम्मी सकाळ जायची. शहरात नातेवाईक असतील तर पहिले दोन महिने तिथेच काढा.

आणि ‘ट्रेनी’ म्हणून ठेकेदाराकडे जाण्याआधी राष्ट्रीय प्रशिक्षणार्थी योजनेच्या, म्हणजे नॅट्सच्या, पोर्टलवर नाव घाला. तिथला करार थेट कारखान्याशी होतो, निम्म्या विद्यावेतनाचा भार केंद्र सरकार उचलतं, आणि वर्षाअखेरीस सरकारी प्रमाणपत्र मिळतं. 2019 च्या नियमानुसार पदवीधराला किमान 9,000 रुपये ठरले होते. ठेकेदार मला याहून जास्त देत होता. तरी आज निवडायचं झालं तर मी ते 9,000 घेईन.