पीडीएफ पुस्तकांतील नेमक्या जागेचा पत्ता

गेल्या खरिपांत आमच्या एका सभासदांनीं कपाशीवरील मावा व तुडतुडे यांसाठीं इमिडाक्लोप्रिड किती घ्यावें, असें विचारलें. उत्तरादाखल आम्हीं केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीनें प्रसिद्ध केलेल्या यादीचा पत्ता त्यांच्या मोबाईलवर धाडला आणि आपलें काम झालें असें समजलों. ती यादी पीडीएफ स्वरूपांत आहे, इंग्रजींत आहे आणि बरीच मोठी आहे. तींत प्रत्येक औषधाखालीं पीक, कीड, दर हेक्टरीं सक्रिय घटक, दर हेक्टरीं तयार औषध, पाणी व फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबावयाचे दिवस असे रकाने आहेत. एकच औषध निरनिराळ्या तीव्रतेंत मिळतें, म्हणून त्याचे तक्तेही निरनिराळे. सभासदांच्या हातीं ७० टक्क्यांचे, पाण्यांत मिसळावयाचे दाणे होते, आणि दृष्टीस पडला तो तक्ता १७.८ टक्क्यांच्या द्रावणाचा. त्या मापानें औषध घातलें असतें तर तें जवळ जवळ चौपट झालें असतें. मिसळण्यापूर्वीं त्यांनीं पुन्हां विचारलें म्हणून बरें. चूक त्यांची नव्हे, आमची होती. गांवाचें नांव सांगून गट नंबर न सांगावा, तसें आम्हीं केलें होतें.

हा गट नंबर देण्याची सोय पीडीएफच्या पत्त्यांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पत्ता जेथें संपतो तेथें # हें चिन्ह लिहावें. यास हॅश म्हणतात. त्यास लागून, मध्यें जागा न सोडतां, रोमन लिपीच्या लहान अक्षरांत ‘पेज’ हा इंग्रजी शब्द, मग बरोबरीचें चिन्ह, मग इंग्रजी आंकड्यांत पृष्ठांक. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स यांत असा पत्ता उघडला म्हणजे पुस्तक त्याच पानावर उघडतें. हॅशपुढील मजकूर फाईल ठेवणाऱ्या दूरच्या संगणकाकडे जातच नाहीं. फाईल आल्यावर आपला ब्राउझरच तो वाचून पान काढतो. सबब, दुसऱ्यांच्या पुस्तकासही आपण असा पत्ता जोडूं शकतों. ही रीत इंटरनेटच्या मानक-पत्रकांत २००४ सालीं नोंदली गेली व २०१७ च्या सुधारलेल्या पत्रकांतही ती कायम आहे.

येथें एक फसगत होते. हा पृष्ठांक मुखपृष्ठापासून मोजावयाचा असतो, पानावर छापलेला आंकडा धरावयाचा नसतो. मुखपृष्ठ, प्रस्तावना व अनुक्रमणिका यांचीं ८ पानें वेगळीं मोजलीं असतील, तर छापील १२ वें पान मोजणींत २० वें येतें.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. अशा याद्या वेळोवेळीं सुधारतात. मध्यें एखादें नवें औषध शिरलें कीं पुढचीं सर्व पानें सरकतात, आणि जुन्या पत्त्यानें भलताच तक्ता समोर येतो. पृष्ठांक म्हणजे बांधापासून मोजलेलीं पावलें. बांध हलला कीं पावलें चुकलीं. यावर उपाय हद्दीचा दगड रोवण्याचा. पीडीएफ तयार करतांनाच मजकुराच्या त्या जागेस एक नांव देतां येतें. तसें नांव दिलें असेल तर पत्त्यांत ‘पेज’ ऐवजीं ‘नेम्डडेस्ट’ (nameddest) हा शब्द जोडून, बरोबरीच्या चिन्हापुढें तें नांव लिहावें. मजकूर कितीही पुढें गेला तरी नांव त्याच्याबरोबर जातें. मात्र नवी आवृत्ति त्याच पत्त्यावर ठेविली पाहिजे व नांव बदलतां कामा नये. अक्षरजुळणी लाटेकमध्यें होत असेल तर ‘हायपररेफ’ या जोडसंचांतील ‘हायपरटार्गेट’ ही आज्ञा हें काम करते. लिब्रेऑफिसमध्यें मजकुरांत बुकमार्क घालावा, व पीडीएफ काढतांना बुकमार्क नामांकित ठिकाणें म्हणून निर्यात करण्याचा पर्याय निवडावा. नांवें रोमन अक्षरांत, आंखूड व मध्यें जागा न सोडतां ठेवावीं. दुसऱ्यांच्या पुस्तकांत मात्र आपणांस दगड रोवतां येत नाहीं. तेथें पृष्ठांकावरच भागवावें लागतें.

आमच्या बहुतेक सभासदांजवळ संगणक नाहीं, मोबाईल आहे. पुष्कळ मोबाईलांवर पीडीएफ प्रथम उतरवून घेतली जाते व दुसऱ्याच ॲपमध्यें उघडते. त्या हातबदलांत हॅशपुढील भाग गळून पडतो आणि पुस्तक मुखपृष्ठावर उघडतें. फाईलच पुढें पाठविली तर पत्ता मुळींच राहत नाहीं. म्हणून पत्त्याखालीं शब्दांतही लिहावें: यादीची तारीख, औषधाचें नांव व टक्केवारी, पीक, आणि कोणत्या रकान्यांतील आंकडा घ्यावयाचा तें. सक्रिय घटकाचा आंकडा तयार औषधाचा समजून घेतला तर फवारणी निष्फळ जाते, हें ध्यानांत असावें. आंकडे दर हेक्टरीं आहेत. एकरीं काढण्यासाठीं अडीचानें भागलें तरी चालतें.

पत्ता धाडण्यापूर्वीं तो नव्या खिडकींत उघडून पाहावा. पुस्तक आधींच उघडें असेल तर तें पूर्वीच्याच पानावर राहून आपली समजूत चुकण्याचा संभव असतो. आमच्या रब्बी पुस्तिकेंत यंदा प्रत्येक पिकास व प्रत्येक किडीस असें नांव दिलें आहे. हरभऱ्यावरील घाटेअळीविषयीं कोणी विचारल्यास त्यांस आतां पुस्तिका न धाडतां त्या तक्त्याचाच पत्ता धाडण्यांत येईल, व खालीं वरीलप्रमाणें दोन ओळी लिहिलेल्या असतील.